ओढ्यापलीकडचा अक्रोड

“वाट विचारण्यात लाज नाही, चुकीची सांगण्यात आहे.”

आल्वा बर्चेट हे इतक्या वेळा म्हणायचे की बफेलो दांडावर, आमच्या डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत, त्यांची नक्कल करायला फार काही लागत नसे. टोपी मागं सारायची, घसा खाकरायचा आणि हे वाक्य म्हणायचं. लहान पोरंसुद्धा ओळखायची. बाहेरचा कुणी गाडीची काच खाली करून विचारू लागला, अमुक खोरं कुठं, तमुक घराण्याचं कबरस्तान कुठं, की आम्ही सगळे एकाच दिशेला बोट करायचो. आल्वाकाकांच्या घराकडं.

मी वेंडल कॉम्ब्स. माझी शाळा सहावीला सुटली. पुढचं सगळं वाचन गिरणीत, मक्याच्या पोत्यांवर बसून झालं. आमच्या हार्गिस काउंटीवर शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक कोर्टाच्या गावात वाचनालयात आहे. कुठला डोंगर किती फूट, कुठला ओढा किती मैल, सगळं त्यात आहे. ते डोंगर आणि ते ओढे ज्यांनी त्या लोकांना दाखवले, ते आल्वाकाका त्यात नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलं.

एकोणिसाव्या वर्षी ते मोजणीदार एझ्रा फ्युगेट यांच्या हाताखाली जमीन मोजायची साखळी ओढायला लागले. आमच्याकडच्या जमिनींचे कागद म्हणजे एक गोष्टच असते. ‘पांढऱ्या ओकापासून सुरुवात, तिथून दांडाच्या माथ्यानं फुटक्या दगडापर्यंत, तिथून खाली तीन अक्रोडांपर्यंत.’ ओक वाळतो, अक्रोड कुणी तोडून नेतो, आणि दोन भाऊ बंदुका घेऊन कुंपणाशी उभे राहतात. अशा वेळी एझ्रा येत आणि त्यांच्यामागून साखळी घेऊन हा उंच, लांब ढांगांचा पोरगा. एझ्रांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “झाडाला खूण मान. दगडाला मान. पाण्याला कधीच मानू नकोस. पाणी आज इथं, उद्या तिथं.”

अकरा वर्षं त्यांनी साखळी ओढली. काउंटीतली एकही खिंड, एकही उतार त्यांच्या पायाखालून सुटला नाही. पुढं सरकारनं जुन्या जागांवर लोखंडी पाट्या लावायचं ठरवलं, तेव्हा साहेब लोक नकाशे घेऊन त्यांच्याच दारात आले. एका साहेबानं पहिल्या वसाहतवाल्यांचा लाकडी किल्ला नकाशात चर्चमागच्या चढावर दाखवला होता. काकांनी नकाशा हातात घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

“साहेब, इथं किल्ला होता म्हणता?”

“कागदपत्रांत तसंच आहे.”

“असेल. मग त्या लोकांचा एक पाय आखूड असला पाहिजे. नाहीतर त्या चढावर उभं राहून गोळी झाडायची कशी?”

साहेब हसला, आणि पाटी काकांनी सांगितलं तिथं लागली. लोखंड गाळायची दगडी भट्टी, मिठाची विहीर, कॅनी ओढ्यावरचा छपराचा पूल, खिंडीच्या पायथ्याच्या अकरा सैनिकांच्या कबरी, सगळीकडच्या पाट्यांचे खांब काकांनी स्वतः ठोकले. चुकीची एकही नाही. हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

चुकीची त्यांनी आयुष्यात एकच जागा सांगितली. ती त्यांच्या स्वतःच्या लेकीची होती.

लग्नानंतर काका आणि डेल्फीकाकू खाली कॅनीच्या काठी राहत. चुलीच्या दगडी धुराड्याभोवती बांधलेलं दोन खोल्यांचं घर. त्या हिवाळ्यात काका डोंगरापलीकडं लाकूडतोडीच्या तळावर होते. काकू इथं एकटी. फेब्रुवारीत मुलगी झाली. काकूनं तिचं नाव ओर्लीना ठेवलं. बर्फानं खिंड बंद होती, निरोप जायला वाट नव्हती. मुलगी एकोणीस दिवस जगली.

जमीन गोठून लोखंड झालेली. काकूनं दोन दिवस एका जागी शेकोटी पेटती ठेवली, माती मऊ केली आणि स्वतः खोदलं. पेटी करायला फळ्या नव्हत्या. कपड्यांच्या कपाटाचा खालचा खण काढला, त्यात मुलीला ठेवलं. वरून गोधडीचा तुकडा. पण तोंडावर माती पडेल हे तिला सहन होईना. लग्नात आईनं दिलेल्या निळ्या काठाच्या सहा ताटल्या होत्या. त्यातली एक तिनं मुलीच्या चेहऱ्यावर पालथी ठेवली आणि मग माती लोटली.

जुलैत मोठा पूर आला. दांडावर पळताना काकूनं एक गोधडी आणि उरलेल्या पाच ताटल्या तेवढ्या उचलल्या. घर गेलं, धुराड्याचे दगड राहिले. काका परत आले ते ऑगस्टमध्ये, तळावरचा करार संपल्यावर; बातमी त्यांना वाटेतच कळली होती. बायको माझ्या आईच्या घरात, आमच्या चुलीपाशी बसलेली.

“कुठं ठेवलंस तिला?” त्यांनी विचारलं. एवढंच विचारलं.

“ओढ्यापलीकडं. अक्रोडाखाली.”

काका उठले, खाली गेले. धुराड्याच्या दगडांपाशी उभे राहिले, ओढा ओलांडला, पलीकडं अक्रोडाचं झाड होतंच. त्याच्या बुंध्याशी त्यांनी एक दगड उभा केला, आमच्याकडं गरिबाच्या कबरीवर करतात तसा, बिननावाचा.

पुरानं ओढ्याचं पात्र बदललं होतं. घराच्या जागेपासून बघितलं, तर काकूचं झाड आता ओढ्याच्या अलीकडं आलं होतं. पलीकडं होतं ते दुसरंच झाड. जो माणूस पाण्याला खूण मानू नका म्हणून जगाला सांगत आला, त्यानं त्या दिवशी पाण्याला खूण मानली. बायकोला सोबत न्यावं, तिला म्हणावं, दाखव, हे त्यांच्या मनातही आलं नसेल. काउंटीतली प्रत्येक काडी ठाऊक असलेल्या माणसानं वाट विचारायची कशाला? आणि काकूनं तरी त्यांना वाट काय सांगायची? ती त्यानंतर कधी खाली उतरली नाही. म्हणायची, “त्या सपाटीकडं बघितलं की माझ्या छातीत दूध येतं.”

दोघांनी वर दांडावर घर बांधलं. त्यांना पुढं मूल झालं नाही.

आमच्याकडं जूनमध्ये कबरी सजवायचा रविवार असतो. कबरीवरचं गवत खरवडायचं, माती ओढून नीट उंचवटा करायचा, मेणात बुडवलेली कागदी फुलं ठेवायची, मग भजनं, मग झाडाखाली चादरी पसरून जेवण. काकू महिनाभर आधीपासून फुलं करायची. गुलाबी फक्त ओर्लीनाची. काका ती टोपलीत घालून खाली न्यायचे आणि अक्रोडाखालच्या दगडाशी ठेवून यायचे. सत्तावीस वर्षं नेली. सत्तावीस वर्षं घरात पाचच ताटल्या होत्या. सहावी कुठं गेली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. काकूला वाटलं, यांना ठाऊक आहे.

मग धरण आलं.

धरणाची माणसं चांगली होती, उगाच का नावं ठेवू. त्यांनी छपराचा पूल फळीफळीनं सोडवला आणि वर आणून पुन्हा जोडला. अकरा सैनिक झेंड्यात गुंडाळलेल्या पेट्यांतून वर आले. खोऱ्यातल्या कबरींनाही दांडावर नवी जागा दिली. अट एकच. कबर कुणाची, हे सांगणारं कुणीतरी पुढं आलं पाहिजे. बिननावाच्या दगडांबद्दल कोण सांगणार? पुन्हा आल्वाकाका. ऐंशीच्या वर कबरी त्यांनी एकट्यानं ओळखून दिल्या.

“ही ल्युसिंडा स्लोन. हा तिचा दुसरा नवरा. पहिला तिकडं, लांब.”

“आणि हा मधला दगड कुणाचा?” लिहून घेणाऱ्यानं विचारलं.

“कुणाचा नाही. दोघा नवऱ्यांनी एकमेकांकडं बघू नये म्हणून तिनंच ठेवून घेतलाय. तोही न्या. नाहीतर वर जाऊन भांडतील.”

ओर्लीनाच्या कबरीशी ते शेवटी आले. मजुरांनी खोदलं. जुन्या लहान कबरीत बहुतेक काही उरत नाही, नुसती काळपट माती. अक्रोडाखालची माती तशीही काळीच असते. “आहे,” मुकादम म्हणाला, आणि ती माती फावड्यानं लहान पेटीत भरली. काकांनी पेटी स्वतः मांडीवर घेतली. ट्रक मी चालवत होतो. वाटेत एकदा म्हणाले, “वेंडल, खड्डे सांभाळून.”

धरणाची दारं मार्चमध्ये बंद झाली. जूनपर्यंत कॅनीचं खोरं पाण्याखाली गेलं. त्या जूनमध्ये कबरी सजवायचा पहिला रविवार वर दांडावर झाला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा डेल्फीकाकू आपल्या लेकीच्या कबरीला आली. निळा झगा, हातात गुलाबी फुलांची टोपली. तिनं गुडघे टेकले, माती सारखी केली, हात पुसले. मग काकांकडं बघून हसत विचारलं, मला अजून ते हसू आठवतं,

“आल्वा, माझी ताटली फुटली नव्हती ना रे?”

“कसली ताटली?”

“तिच्या तोंडावरची. निळ्या काठाची.”

काकांनी टोपी काढली. परत घातली. “ताटली नाही निघाली, डेल्फी. मातीच निघाली.”

“माती कुजते. ताटली कशी कुजेल?”

माझी आई मक्याची भाकर मोडत होती, तिचा हात तसाच राहिला. काकू गुडघ्यांवरच होती. तिनं हळूच विचारलं, “कुठल्या झाडाखाली खणलंत?”

“ओढ्यापलीकडच्या.”

“पुरानंतरच्या ओढ्यापलीकडच्या?”

त्यांचा चेहरा बघून ज्याला जे कळायचं ते कळलं. काकूनं टोपली उचलली, एक एक गुलाबी फूल काढून शेजारच्या कबरींवर ठेवलं. ल्युसिंडाला दिलं, तिच्या दोन्ही नवऱ्यांना दिलं. आपल्या लेकीच्या उंचवट्यावर एकही ठेवलं नाही.

“एखादं तरी ठेव गं तिथं,” आई म्हणाली.

“तिथं कुणी नाहीये, बाई,” काकू म्हणाली. “मी सत्तावीस वर्षं माझी फुलं एका झाडाला पाठवली.”

त्या दिवसापासून आल्वाकाकांनी ते वाक्य म्हणणं सोडलं. कुणी वाट विचारायला आला तर म्हणत, “दुसऱ्या कुणाला विचारा.” सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. गिरणीत पोती वाहणारा आमचा ओडेल म्हणालासुद्धा, “काय काका, नकाशा हरवला की काय?” काका त्याच्याकडं बघत राहिले. ओडेलनं पोतं उचललं आणि तो बाहेर निघून गेला.

आमच्या धरणाचं पाणी दर हिवाळ्यात उतरवतात, वसंतातल्या पुरासाठी जागा व्हावी म्हणून. मग खालचं खोरं गाळासकट उघडं पडतं. जुना रस्ता दिसतो, भट्टीचं दगडी तोंड दिसतं, धुराड्यांचे दगड दिसतात. झाडं मात्र नाहीत. ती पाणी भरायच्या आधीच तोडली होती, बुंधे गाळात गेले. पहिल्या हिवाळ्यात काका फावडं घेऊन एकटे खाली उतरले. दुसऱ्या हिवाळ्यातही. तिसऱ्यातही. मी विचारलं, “काकूला विचारलंत का, नक्की कुठं?”

“मला माहीत आहे कुठं,” ते म्हणाले.

गाळ मांडीएवढा होता. संध्याकाळी ते कमरेपर्यंत चिखलानं भरून वर येत. काकू दारात गरम पाण्याची बादली ठेवी. त्यांचे बूट धुई. एकदा मी तिथंच होतो, काकू बूट धूत होती आणि मला म्हणाली, “या माणसाला सगळी काउंटी वाट विचारते रे. याला मात्र बायकोला विचारायला तोंड नाही.” हे काकांना ऐकू जावं म्हणूनच ती मोठ्यानं बोलली. ते आत उठून गेले.

चौथ्या हिवाळ्यात काकूचे गुडघे फार गेले. दम लागायचा. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण त्या वर्षी तिनं फुलांचा कागदच आणला नाही. आम्ही समजलो, जूनपर्यंत ती राहणार नव्हती. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी काका माझ्या गिरणीत आले. पोत्यावर बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

“ट्रक आहे का रिकामा?”

“आहे की. कुठं जायचंय?”

“डेल्फीला खाली न्यायचंय. जुना रस्ता पाण्यात जातो तिथपर्यंत.” टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, “तिला वाट विचारायची आहे.”

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी माझ्याकडं मागायला नको. ताटली सापडली नाही. त्या वर्षी गाळ छातीएवढा चढला होता आणि तो उपसणं एका माणसाचं काम नव्हतं. त्या जागेवर काकांनी लोखंडी खुंटी ठोकली, मोजणीदार जमिनीच्या कोपऱ्यावर ठोकतात तशी. एवढंच झालं. काकू एप्रिलमध्ये गेली, काका त्याच्या पुढच्या वर्षी. दोघं वर दांडावर आहेत, मध्ये तो रिकामा उंचवटा. जूनमध्ये मी तिघांवरचंही गवत खरवडतो, पण फुलं दोघांवरच ठेवतो. काकूनं तिथं ठेवली नाहीत, मी कोण ठेवणारा?

पण मला सांगायची आहे ती त्या सकाळची गोष्ट.

काकू ट्रकमध्ये गोधडी पांघरून माझ्याशेजारी बसली होती. रस्त्याच्या टोकाशी मी गाडी थांबवली. खाली राखाडी गाळ, त्यात त्यांच्या घराच्या धुराड्याचे दगड, तीनशे फुटांवर असतील. एकतीस वर्षांनी ती ते बघत होती. तिनं छातीवर हात दाबून धरला. काका खिडकीशी येऊन उभे राहिले, खांद्यावर फावडं, हातात खुंटी.

“डेल्फी,” ते म्हणाले, “मला वाट सांग.”

तिनं छातीवरचा हात खाली घेतला. मग म्हणाली, “इतकी वर्षं लागली होय रे, म्हाताऱ्या?”

“लागली.”

“स्वयंपाकघराच्या दारात उभा राहा. दार धुराड्याच्या उजवीकडं. खिंडीची ती खाच दिसते का? बरोब्बर तिच्याकडं तोंड कर. वाकडं जाऊ नकोस. चाळीस पावलं.”

“चाळीस,” काका म्हणाले आणि वळले.

“थांब. तुझी नव्हेत. माझी.”

ते थांबले.

“आणि तीही तीन आठवड्यांच्या बाळंतिणीची. हातात खण होता माझ्या, पायाखाली गोठलेला ओढा.”

काका परत आले. “दाखव,” म्हणाले.

मी तिला धरून खाली उतरवलं. गोधडी माझ्या हातात देऊन ती रस्त्यावर उभी राहिली, दोन्ही हात पुढं केले, त्यांवर काहीतरी जड ठेवल्यासारखे, आणि दहा पावलं चालली. एवढी एवढीशी पावलं. काका खाली वाकून तिच्या पायांकडं बघत होते. अकरा वर्षं साखळी ओढलेल्या माणसाची नजर ती. एकदा मोजलं की विसरायचं नाही.

“कळलं?”

“कळलं.”

“चुकलास तर मी हात दाखवीन. उजवा वर म्हणजे उजवीकडं. डावा वर म्हणजे डावीकडं. दोन्ही वर म्हणजे तिथंच.”

“एझ्राच्याच खुणा या.”

“मग काय, तुझ्यापासूनच शिकले.”

काका उतारानं खाली गेले. वरून घट्ट गोठलेल्या गाळावर बर्फाचा पापुद्रा होता, तो फुटल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. धुराड्याशी जाऊन ते उजवीकडं सरकले, जिथं एकेकाळी दार होतं. खिंडीकडं तोंड केलं. मग त्यांनी खांद्यावरचं फावडं काढलं आणि खुंटीसकट दोन्ही हातांवर आडवं घेतलं.

पाण्याच्या बाजूनं धुकं वर येऊ लागलं होतं. ट्रकपाशी आम्ही दोघंच, मी आणि काकू. लांब ढांगा टाकण्याबद्दल अख्ख्या काउंटीत ज्याची चेष्टा व्हायची तो माणूस खाली एका बाईच्या लहान लहान पावलांनी चालत होता, आमच्याकडं पाठ करून. मध्येच थांबायचा, मान वळवून वर बघायचा. काकूनं एकदा डावा हात वर केला. तो डावीकडं सरकला. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. मग धुक्यात तो आम्हाला दिसेनासा झाला, आम्हीही त्याला दिसत नसणार. काकू मोजत राहिली. चाळीस झाले तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले आणि तसेच धरून ठेवले. मी तिला मागून आधार दिला.